मलाण्याचं भांगेचं बी गुहागरात लावलं तर येईल का?

तुमच्या मित्राने हिमाचलातल्या मलाण्याहून भांगेचं बी आणलंय आणि ही दुर्मिळ जात गुहागरच्या परड्यात होईल का, तिचे गुण नि उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. रुजेल. भांग तणासारखी रुजते. पण जे उगवेल त्याला मलाण्याचं म्हणवणार नाही. का, ते भाताच्या हिशेबात सांगतो, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं.

आमच्याकडे हळवं, म्हणजे लवकर येणारं भात दिवस मोजून निसवतं, लोंब्या बाहेर टाकतं. जुनं गरवं, म्हणजे उशिरा येणारं, मात्र दिवस किती आखडला ते बघून निसवतं. पेरणी पंधरा दिवस लांबली तरी लोंबीची वेळ फारशी हलत नाही. एका वर्षी आमची लावणी रखडली, तर धड फुटवे न येताच गरवं पोटरीला आलं, म्हणजे लोंबी पोटात धरली. पेंढाही मिळाला नाही नि दाणाही. भांगेची बहुतेक वाणं या गरव्याच्या स्वभावाची. मलाणा कुल्लू जिल्ह्यात, साधारण 32 अक्षांशावर. तिथे जूनमधला दिवस सव्वाचौदा तासांचा, तोवर झाड नुसतं उंच होत जातं. दिवस लहान होऊ लागला की फुलोरा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या थंड, कोरड्या हवेत तो पिकतो. गुहागरात मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. म्हणजे त्या झाडाला इथे जूनमध्येच शरद लागल्यासारखा वाटणार! अंगाने भरायच्या आधीच फुलायला लागेल, तेही ऐन आषाढ-श्रावणात. दाट, चिकट फुलोऱ्यात पाणी शिरलं की करडी बुरशी आतून खाते. पाऊस सरल्यावर पेरावं म्हटलं, तर दिवस आणखीच लहान.

शिवाय मलाण्याचं बी म्हणजे हापूसचं कलम नव्हे. नर झाड वेगळं, मादी वेगळं, पराग वाऱ्यावर, त्यामुळे दर बी निराळं निघतं. तिथलं नाव झालं ते निम्मं हाताच्या कामामुळे: उभ्या झाडाचा फुलोरा तळव्यांत चोळून राळ काढतात, तोच चरस.

आता कायदा. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात परवान्याशिवाय लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. झाडं किती, याची सूट त्या कलमात नाही. होळीची भांग चालते मग झाड का नाही, असं लोक विचारतात. नुसती पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, पण झाड लावणं हा वेगळा गुन्हा आहे. आणि आपल्याकडचे सातबारे तुम्हाला ठाऊकच आहेत. मुंबईतल्या चुलत्याचं नाव असेल तर त्यालाही उगाच जबाब द्यायला यावं लागेल.

उपयोग भरपूर आहेत. आयुर्वेदात ही विजया, तिची औषधं परवान्यानेच बनतात. कुल्लूकडे खोडाच्या वाखाच्या, म्हणजे सालीच्या धाग्याच्या चपला करत, त्यांना पूला म्हणतात. उत्तराखंडाने 2018 पासून धाग्याच्या, कमी नशेच्या भांगेला परवाने दिले, आणि 2021 मध्ये बी, तेल, पीठ अटींसह खाद्यपदार्थ म्हणून मान्य झालं. कुमाऊंत हे बी भाजून चटणी वाटतात. तुमच्या पुडीचं मला तरी तेवढंच सुचतं.

वाखासाठीच लावायचं असेल तर ताग पेरा. शाळेच्या पुस्तकातला ज्यूट नव्हे, आपला पिवळ्या फुलांचा. भांगेशी त्याचं काही नातं नाही, हा वालाच्या कुळातला. नायलॉन यायच्या आधी जाळ्यांचं सूत यातूनही निघायचं: ताग कापायचा, पाण्यात कुजत घालायचा, झोडपून वाख सोडवायचा. हाताला जो वास राहतो तो दोन दिवस साबणाने जात नाही. आजकाल आम्ही तो फुलावर आला की, साधारण दीड महिन्यात, नांगरून गाडतो. मुळांच्या गाठी हवेतला नत्र धरतात, तो जमिनीला मिळतो. थोडा बियाण्याला ठेवला तर वाळलेल्या शेंगा खुळखुळ वाजतात, पोरं त्यासाठीच बांधावर येतात. बी कृषी सेवा केंद्रात मिळतं. पेरा मात्र निचऱ्याच्या जागी, साचलेलं पाणी त्यालाही सोसत नाही.