काउंटरखाली काठी ठेवू का?

भाऊ, तुमच्या शेजारच्या गावात मेडिकल बंद व्हायच्या वेळी दोघांनी चाकू दाखवून गल्ला नेला, म्हणून तुम्ही विचारलं की काउंटरखाली काठी ठेवू की मिरचीपूड. दोन्ही नको. यवतमाळ जिल्ह्यात माझं २६ वर्षांपासून दुकान आहे. माझ्यावर हा प्रसंग आला तेव्हा काठी होती. ती घ्यायला वाकलो अन् चाकूवालं पोट्टं घाबरलं. त्याचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. तळहाताला पाच टाके पडले. गल्ल्यात होते अकराशे रुपये.

गल्ला नेऊ द्या, फक्त त्यात नेण्यासारखं काही ठेवू नका. कापसाचे चुकारे सुरू झाले की उधाऱ्या एकदम वसूल होतात, बाजाराच्या दिवशीही तेच. हे चोराला आपल्याआधी कळतं. मोठ्या नोटा दिवसातून दोनदा घरी पाठवा, रोज एकाच वेळी नाही. थोडी रक्कम मात्र राहू द्या, रिकामा गल्ला पाहून माणूस चिडतो. अन् रात्री शटर ओढताना एकटे राहू नका, पानठेल्यावाल्याला सांगून ठेवा.

दुसरे येतात ते गोळ्यांसाठी. अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, कोडीनचं सिरप. आधी चार-आठ दिवस चिठ्ठीशिवाय मागून पाहतात, डब्बा कुठून काढता ते बघतात. हा माल थोडाच मागवा अन् मागच्या खोलीत कुलपात ठेवा. शेड्यूल एच-१ चं रजिस्टर, म्हणजे अशा औषधांच्या विक्रीची नोंदवही, २०१४ पासून बंधनकारक आहे, ३ वर्षं जपायचं असतं. आपल्यातले कितीतरी जण औषध निरीक्षक येणार कळलं की एका बैठकीत भरतात, मीही त्यातलाच होतो. पुढे एकदा रात्री शटर फोडून चोरी झाली, तेव्हा गोळ्यांचे किती पत्ते गेले ते मला सांगताच येईना. कॉम्प्युटरही नेला होता. आता रोजचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन घरी नेतो.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर छताला लावलेल्या कॅमेऱ्यात टोप्या अन् टकलंच दिसतात. एक तरी तोंडाच्या उंचीवर लावा. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, काउंटरखाली ठेवू नका, चोर तोच उचलून नेतात. अन् आपल्याकडे मे महिन्यात अख्खं गावच दुपट्टा गुंडाळून फिरतं, त्यात चेहरा काय दिसणार बापा? म्हणून दाराच्या चौकटीला ५, साडेपाच अन् ६ फुटांवर रंगाच्या पट्ट्या मारा, बाहेर जाताना उंची कळते. शर्ट बदलता येतो, चप्पल सहसा कोणी बदलत नाही. माझ्या त्या पोट्ट्याच्या चपलेचा अंगठा निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधला होता. मला तेवढंच आठवत होतं, अन् त्यावरूनच तो सापडला.

ते गेले की मागे धावू नका. शटर अर्धं ओढा, ११२ लावा, ते कोणत्या रस्त्याने गेले ते आधी सांगा. काउंटर पुसू नका, गल्ल्याला हात लावू नका. दुकानात असलेल्या गिऱ्हाईकांना थांबवा, पण एकमेकांशी बोलू देऊ नका; नाहीतर दहा मिनिटांत सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होते. आठवेल ते लगेच कागदावर लिहून काढा.

ठाण्यात फिर्याद देताना चाकू दाखवला, धमकी दिली हे लिहून घ्यायला लावा. भारतीय न्याय संहितेत नुसती चोरी कलम ३०३, जबरी चोरी ३०९. पाच किंवा जास्त जण असले तर दरोडा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. एच-१ चा माल गेला असेल तर औषध निरीक्षकालाही लेखी द्या अन् पोच घ्या, नाहीतर उद्या ते पत्ते कोणाकडे सापडले की बॅच नंबरवरून चौकशी तुमच्याच दारी येईल.

एक गोष्ट सगळे विसरतात. रात्री चोरी झाली असेल तर फ्रिज पाहा. माझ्याकडे मेन स्विच पाडला होता, दुकान उघडलं सकाळी आठला. इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं, अन् आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. ते सगळं बाजूला काढलं, एकही विकलं नाही.

तुमच्या शटरला मधलं सेंट्रल लॉक आहे की नुसती दोन बाजूची कुलपं? शटरचा फोटो टाका, मग पुढचं सांगतो.