वाचकांचे प्रश्न : ब्राउझर चुकतो की साइट?

प्रश्न : आमच्या घरात पंधरा दिवस एकच वाद चालू आहे. मुलगा म्हणतो, वेबची मानकं, म्हणजे पानं कशी दाखवायची याचे ठरलेले नियम, काटेकोर पाळणारा ब्राउझर म्हणजे फायरफॉक्स. पुतण्या म्हणतो, क्रोम. माझा अनुभव असा, की आम्ही पाणीपट्टी भरतो त्या साइटवरचं ‘पुढे’ हे बटण फायरफॉक्सवर ढिम्म हलत नाही, क्रोमवर लगेच चालतं. म्हणजे पुतण्याच खरा ना?
— एक निवृत्त मुख्य लिपिक, सांगली

उत्तर : पुतण्याला पेढे भरवायची घाई नको. तुम्ही पत्ता कळवलात म्हणून मी ती साइट उघडून आतलं कोड पाहिलं. आलेल्या ब्राउझरचं नाव विचारायचं आणि नावात ‘क्रोम’ सापडलं तरच बटणाला काम जोडायचं, असं तिथे लिहिलंय. फायरफॉक्सला ते काम जमतं की नाही, हे कुणी तपासलेलंच नाही. दारातच आडनाव विचारून माणसाला परत पाठवावं, तसला प्रकार.

बरं, नावावर विसंबावं तर ब्राउझर नावं सांगतात ती ऐकण्यासारखी. क्रोम सर्व्हरला जी ओळख देतो तिच्यात ‘मोझिला’ आहे, ‘गेको’ आहे, ‘सफारी’ आहे, आणि या गर्दीत ‘क्रोम’ही आहे. कारण जुनं आहे. नव्वदच्या दशकात बऱ्याच साइट्स चांगली पानं नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरलाच वाढायच्या आणि नेटस्केप स्वतःची ओळख मोझिला अशी सांगायचा. मग इंटरनेट एक्सप्लोररनंही तेच नाव लावलं. पुढे जो आला त्यानं आधीच्यांची नावं आपल्या नावात ओवून घेतली.

नाकं मुरडतेय खरी, पण हे पाप मीही केलंय. २००२ साली सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी साइट्स बनवायचे, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘इंटरनेट एक्सप्लोरर ६ वर उत्तम दिसते’ अशी पट्टी लावायचे. अभिमानानं. दहातले नऊ लोक तोच ब्राउझर वापरत होते, उरलेल्या एकाची पर्वा कोण करतो? त्या एकाचं पत्र आलं की ‘ब्राउझर बदला’ असं उत्तर जायचं.

तेव्हा मानकं नव्हती असं नाही. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसचं पहिलं मानक डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं डिसेंबर १९९६मध्येच काढलं होतं. त्यात लिहिलं होतं, की पेटीची, म्हणजे पानावरच्या मजकुराच्या चौकोनाची, रुंदी ३०० पिक्सेल सांगितली तर ती आतल्या मजकुराची. भोवतीची मोकळी जागा आणि कड वेगळी मोजायची. दोन्ही बाजूंना २०-२० मोकळी जागा आणि ५-५ची कड असेल तर पेटी भरते ३५०. विंडोजवरचा एक्सप्लोरर ५ मात्र हे सगळं मिळून ३०० धरायचा. हॉटेलात थाळी ३०० रुपये म्हटलं, तर जीएसटी धरून की वेगळा? वाद इतकाच. पण त्यापायी उजवीकडचा रकाना खाली घसरायचा आणि क्लायंटचा फोन रात्री साडेदहाला यायचा.

गंमत पुढे आहे. मानक करणाऱ्यांनीच नंतर ‘सगळं धरून’ मोजण्याचा पर्याय सीएसएसमध्ये घातला. त्याचं नाव बॉक्स-सायझिंग. आज कितीतरी डेव्हलपर नव्या कामात सगळ्यात आधी तीच ओळ लिहितात. एक्सप्लोररचा हिशोब जास्त सोयीचा निघाला! तरीही त्या वेळी चूक त्याचीच होती, असं माझं मत आहे. सगळ्यांनी मिळून वजनाचं माप ठरवल्यावर एकानं स्वतःचं माप आणून तराजूत टाकायचं नसतं, ते कितीही सुबक असलं तरी.

आणि खरं नुकसान या चुकीनं झालंच नाही. एक्सप्लोरर ६ आला ऑगस्ट २००१मध्ये आणि ७ आला ऑक्टोबर २००६मध्ये. मधल्या पाच वर्षांत बराच काळ पाठीवर कुणी धावतच नव्हतं, मग दुरुस्ती करायची कुणासाठी? आज क्रोम, एज आणि ऑपेरा या तीन ब्राउझरांच्या पोटात एकच इंजिन, म्हणजे पान उभं करणारा आतला भाग, आहे : ब्लिंक. ऑपेरानं स्वतःचं इंजिन सोडायचं २०१३मध्ये ठरवलं, एज २०२०मध्ये त्याच वाटेनं गेला. मोठ्यांपैकी वेगळी उरली ती फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. २०२२पासून या इंजिनांच्या कंपन्या ‘इंटरऑप’ नावाच्या उपक्रमात दरवर्षी काही विषय निवडतात, सगळ्यांवर त्याच चाचण्या चालवतात आणि गुण उघड्यावर मांडतात. त्या विषयांत वर्षअखेरीला तिन्ही इंजिनांचे गुण जवळजवळ येऊन बसतात. त्यामुळे मुलगा आणि पुतण्या ज्यावरून भांडतायत तो फरक तुमच्या पाणीपट्टीत कधी आडवा येणार नाही. आडवी येते ती ‘क्रोमवर चाललं, झालं काम’ ही सवय, म्हणजे माझीच २००२ची पट्टी.

साइटवाल्यांना लिहा : नाव विचारू नका, काम येतं का ते विचारा. तोवर बिल क्रोमवर भरा. दंड नको.

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हौसेनं एसिड ३ ही जुनी मानक-चाचणी आजच्या क्रोमवर आणि फायरफॉक्सवर चालवली. दोघांनाही १००पैकी १०० मिळाले नाहीत. ब्राउझर बिघडत चाललेत का?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : नाही, अभ्यासक्रम बदलला आणि पेपर जुनाच राहिला. एसिड ३ आली मार्च २००८मध्ये. तिनं तपासलेल्या काही गोष्टी मानकांनी नंतर बदलल्या किंवा टाकून दिल्या. २०११मध्ये चाचणीत थोडी दुरुस्ती झाली, पण मानकं त्याच्याही पुढे गेली. आज पूर्ण गुण हवे असतील तर ब्राउझरला कालबाह्य वागावं लागेल.

तसंही या चाचण्यांचं मला फार कौतुक कधी नव्हतं. पेपर आधीच सगळ्यांच्या हातात, मग काय, गाइड घेऊन तेवढेच प्रश्न घोटायचे! एसिड २चा, म्हणजे २००५चा, हसरा पिवळा चेहरा मात्र मला आवडायचा. ब्राउझर चुकला की त्या चेहऱ्याचा पार विचका व्हायचा, आणि तो क्लायंटलासुद्धा दिसायचा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या साइटवर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. ब्राउझर बदलून पाहिला, फरक नाही.
— एक शिक्षिका, बेळगाव

उत्तर : पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, हे बरोबरच आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातही तेच आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हिंदी आणि मराठी ल यांचा क्रमांक एकच असतो. दोन्ही वळणं चांगल्या फॉन्टमध्ये भरलेली असतात आणि त्यातलं कोणतं काढायचं, हे ब्राउझर पानाच्या भाषेवरून ठरवतो. तुमच्या पानाच्या पहिल्याच ओळीत भाषा ‘इंग्रजी’ लिहिलेली आहे, बहुधा तयार साच्यातून तशीच आली असावी. साइट करणाऱ्याला तिथे ‘मराठी’ लिहायला सांगा. मग फॉन्ट नोटोसारखा, मराठी वळणं असलेला असला की झालं. या खटल्यात ब्राउझर निर्दोष.

प्रश्न : २००१ साली एका दिवाळी अंकात माझ्या वडिलांची कथा आली होती. अंक फक्त नेटवर होता. मी ती पानं सीडीवर जपून ठेवली. वडील गेल्यावर परवा उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हं. सगळे ब्राउझर पाहून झाले. कथा गेली का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : गेलेली नाही. त्या काळी असली पानं मीही केली आहेत, त्यामुळे तिथे काय झालंय ते सांगू शकते.

२००१मध्ये आमचे बहुतेक वाचक विंडोज ९८वर होते, आणि त्याला युनिकोड देवनागरी दाखवता येत नव्हती. म्हणून आम्ही इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेला फॉन्ट वापरायचो. फाइलमध्ये इंग्रजी अक्षर, डोळ्यांना ‘क’. वाचकाकडे तो फॉन्ट नसायचा, म्हणून तो पानासोबत पाठवायचा. १९९८च्या सीएसएस २ या मानकानं फॉन्ट पाठवायची रीत सांगितली, पण तो कोणत्या साच्यात असावा हे ठरवलं नाही. या फटीत एक्सप्लोररनं स्वतःचा ईओटी साचा घातला आणि नेटस्केप ४नं पीएफआर. आम्ही दोन्ही बनवायचो, नंतर कंटाळून एकच. मानक पाळायचं म्हटलं असतं तरी पाळायला तिथे काही नव्हतंच. सगळ्यांसाठी एक साचा, वॉफ, मानक झाला तो डिसेंबर २०१२मध्ये. एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टनं जून २०२२मध्ये निवृत्त केलं, आणि आजचे ब्राउझर ते जुने साचे वाचत नाहीत.

म्हणजे तुमच्या सीडीवर कथा पूर्ण आहे, किल्ली तेवढी नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. वरच्या वीस-पंचवीस ओळींत फॉन्टचं नाव सापडेल. ते मला कळवा. माझ्याकडे त्या काळातल्या सीडींचा एक बूटबॉक्स आहे. फॉन्ट त्यात निघाला तर उलटं भाषांतर करणारा छोटा प्रोग्राम लिहिता येईल. एकच त्रास : त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार याच्या बरोबर उलटा. त्यांना जागेवरून उचलून हलवावं लागतं, नाहीतर ‘किती’ची शकलं होतात.

फॉन्ट नाहीच मिळाला, तर कथेच्या शीर्षकाखाली वडिलांचं नाव छापलेलं असेल. ते नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्याच्याखाली पडद्यावरची चिन्हं एकेक करून उतरवा. सात-आठ अक्षरं तिथेच सुटतील.