जर्नीमन आउटफिल्डर: भटका की कसबी?

प्रश्न असा आहे: एका व्यावसायिक बेसबॉलपटूच्या कारकिर्दीवरचा लेख मराठीत आणताना त्याचं वर्णन ‘जर्नीमन आउटफिल्डर’ असं आलं. कोशात ‘रोजंदारीवरचा कारागीर’ असा अर्थ सापडला, पण तो खेळाडूला लागू पडेना. शेवटी ‘भटका खेळाडू’ असं लिहिलं. चालेल का?

चालवू नये, असं मला वाटतं. गंमत म्हणजे न पटलेला कोशार्थच मुळाच्या जास्त जवळ आहे.

आउटफिल्डरचं आधी उरकून घेऊ. मैदानाच्या मागच्या पट्ट्यात डावा, मधला आणि उजवा असे तीन क्षेत्ररक्षक असतात, त्यांतला हा एक. ‘सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक’ म्हटलं की मराठी वाचक थेट क्रिकेटच्या मैदानात जाऊन उभा राहतो. तेव्हा आउटफिल्डर तसाच ठेवावा.

आता जर्नीमन. यातला ‘जर्नी’ ऐकून प्रवास आठवतो, पण शब्द आला आहे दिवस या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून. एक दिवस, एका दिवसाचं काम. प्रवासाचा अर्थही एका दिवसात कापायच्या वाटेवरूनच आला. आपल्याकडे ‘मजल’ म्हणजे साधारण तेच. युरोपातल्या कारागिरांच्या संघांत शिकाऊ उमेदवार, मग जर्नीमन, मग उस्ताद अशी चढण होती. जर्नीमनचं शिक्षण पुरं झालेलं असे, हातात कसब असे, पण स्वतःचं दुकान नसे. तो दुसऱ्याच्या दुकानात रोजावर काम करी. जर्मन भाषक मुलखात अशा कारागिरांनी तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव फिरून काम करायची प्रथा आहे, त्यामुळे भटकंतीचा अर्थ चिकटायला मदत झाली असेल. तरी गाभा भटकंतीचा नाही. पुरतं कसब आहे, दुकान आपलं नाही, हा गाभा.

बेसबॉलमध्ये हा शब्द कुणाला शोभतो ते मॅट स्टेअर्सच्या कारकिर्दीत स्वच्छ दिसतं. जन्म 1968चा, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या सेंट जॉनचा. 1992 साली माँट्रियल एक्स्पोजकडून तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, आला. 1993मध्ये जपानला जाऊन नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्सकडून खेळला. परतल्यावर बॉस्टन, मग ओकलंड, शिकागो कब्ज, मिलवॉकी, पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी... 2006च्या एकाच हंगामात कॅन्सस सिटी, टेक्सस आणि डिट्रॉइट असे तीन गणवेश त्याने घातले. पुढे टोरांटो, फिलाडेल्फिया, सॅन डिएगो आणि 2011मध्ये वॉशिंग्टन. एक्स्पोजच पुढे वॉशिंग्टनला गेले, म्हणून कुणी बारा क्लब मोजतं, कुणी तेरा संघ. पिचर (चेंडू टाकणारे) सोडले तर इतके संघ बदललेला दुसरा खेळाडू मेजर लीगमध्ये नाही.

पण हा माणूस कच्चा होता का? 1999मध्ये ओकलंडकडून त्याने 38 होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले, कारकिर्दीत एकूण 265. त्यांतले 23 पिंच हिटर म्हणून, आणि तो विक्रम आहे. (क्रिकेटमध्ये आपण पिंच हिटर म्हणतो ते वरच्या क्रमांकावर पाठवलेल्या फटकेबाजाला. बेसबॉलमध्ये तो दुसऱ्याच्या जागी फलंदाजीला येतो, आणि ज्याच्या जागी आला त्याला त्या सामन्यात परतता येत नाही. बाकावर बसून राहायचं आणि थंड अंगाने उठून ताज्या दमाच्या पिचरला तोंड द्यायचं, हे फार अवघड काम आहे.) 2008च्या ऑगस्टअखेर टोरांटोने त्याला फिलाडेल्फियाकडे धाडलं. ऑक्टोबरात डॉजर स्टेडियमवर नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम मालिकेचा चौथा सामना आठव्या डावात बरोबरीत होता. चाळिशीतला स्टेअर्स पिंच हिटर म्हणून आला आणि जोनाथन ब्रॉक्स्टनसारख्या वेगवान पिचरवर त्याने दोन धावांचा होमरन मारला. फिलाडेल्फियाने सामना 7-5 असा जिंकला आणि त्या वर्षी मेजर लीगचं विजेतेपद ठरवणारी वर्ल्ड सिरीजही, 1980नंतर पहिल्यांदाच.

‘भटका’ म्हटलं की वाटतं, हा आपल्या लहरीने फिरला. प्रत्यक्षात क्लब खेळाडूचा करारच दुसऱ्या क्लबला देऊन टाकू शकतो, सहसा त्याला न विचारता. नियमाने आपसूक नकार द्यायचा हक्क मिळतो तो मेजर लीगमधली दहा वर्षं पुरी झालेल्याला, आणि त्यातही शेवटची सलग पाच वर्षं एकाच क्लबात काढली असतील तर. जो सतत पाठवला जातो त्याची ही पाच वर्षं भरणार कधी? ज्याला या हक्काची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच हाती तो लागत नाही. भाषांतरात ही बाजू पुसली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नुसती संघांची संख्या ही कसोटीही पुरत नाही. रिकी हेंडरसनही आउटफिल्डर, तोही नऊ संघांकडून खेळला. त्याला कुणी जर्नीमन म्हणत नाही, कारण 1406 चोरलेल्या बेसेसच्या (साथीदाराच्या फटक्याची वाट न बघता धावत गाठलेल्या पुढच्या थांब्यांच्या) जोरावर तो जिथे जाई तिथे दुकान त्याच्या नावावर चाले.

‘सामान्य’ किंवा ‘दुय्यम दर्जाचा’ हे पर्याय कुणी सुचवतील, पण त्यांत कसब गळून पडतं. ‘मुरब्बी’त अनुभव येतो, मात्र मानाचं स्थानही आपसूक येतं. ‘फिरता’ला फेरीवाल्याचा वास आहे. मी ‘कसबी’ निवडेन. कसब असलेला एवढंच तो शब्द सांगतो. थोर म्हणत नाही, हिणवतही नाही. संघ बदलल्याचा भाग वाक्याने उचलावा: ‘एका संघातून दुसऱ्या संघात पाठवला जात एकोणीस हंगाम टिकलेला कसबी आउटफिल्डर.’ लांब झालं खरं, पण पहिल्या उल्लेखाला एवढी जागा द्यावी. पुढे नुसतं ‘कसबी आउटफिल्डर’ पुरेल.

हाच शब्द अमेरिकेतल्या इलेक्ट्रिशियनला किंवा प्लंबरला लावलेला आढळला तर मात्र ‘कसबी’ वापरू नका. तिथे जर्नीमन ही उमेदवारी संपवून मिळवलेली पायरी आहे, अनेक राज्यांत तिचा परवानाही असतो. तिथे ‘परवानाधारक कारागीर’ म्हणावं.