विधेयक मंजूर झालं म्हणजे कायदा लागू झाला का?

प्रश्न: ओळखीच्या एका कुटुंबाला पंचांनी वाळीत टाकलंय, लग्नकार्याला बोलवत नाहीत, त्यांच्याकडे कोणी जात नाही. तक्रार करायची आहे पण याविरुद्धचा कायदा कोणी २०१६ चा म्हणतं कोणी २०१७ चा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवर तर 'विधेयक' लिहिलंय. मग कायदा आहे की नाही? खरी प्रत कुठे मिळेल? (एक वाचक, सातपूर, नाशिक)

उत्तर: कायदा आहे, लागूही आहे, तेवढ्यासाठी तक्रार अजिबात थांबवू नका. सालाचा घोळ का होतो ते सांगतो.

विधेयक म्हणजे मांडलेला मसुदा. तो एका सभागृहात येतो, चर्चा होते, कलमवार मंजुरी होते, मग दुसऱ्या सभागृहात तेच. विधानपरिषदेने अडवलं तरी उशीर होतो फक्त, शेवटचा शब्द विधानसभेचाच. सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक १३ एप्रिल २०१६ ला मंजूर झालं आणि पेपरात लगेच 'कायदा झाला' असं आलं, पण तसं नसतं. पुढे राज्यपालांची संमती लागते, आणि विषय केंद्राच्या कायद्याला छेदणारा असला तर राज्यपाल ते राष्ट्रपतींकडे पाठवतात, तिथे राज्यघटनेने दिवसांची मुदत घातलेली नाही. हे विधेयक तसंच दिल्लीला गेलं आणि संमती मिळून राजपत्रात छापून आलं ते ३ जुलै २०१७ ला. म्हणून नावात २०१६, अधिनियम क्रमांक मात्र २०१७ सालातला. दोन्ही बाजूचे लोक बरोबरच बोलतायत.

मधल्या चौदा महिन्यांचा फरक कागदी नाही हां. घटनेच्या कलम २० प्रमाणे कृत्य केलं तेव्हा जो कायदा अंमलात होता त्याच्याखालीच शिक्षा होते, त्यामुळे ३ जुलै २०१७ च्या आधी कोणाला वाळीत टाकलं आणि तिथेच ते संपलं तर या कायद्याने पंचांना शिक्षा नाही. मला हे फार लागतं, कारण जातपंचायतीविरुद्धच्या मोहिमेची सुरुवात २०१३ ला आपल्या नाशिकातूनच झाली होती आणि माणसं तेव्हापासून वाट बघत होती. महिला-बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणाऱ्या शक्ती विधेयकाचं तर त्याहून वाईट, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, राष्ट्रपतींकडे गेलं आणि कायदा झालाच नाही.

घाई असेल आणि अधिवेशन चालू नसेल तर सरकार अध्यादेश (सभागृहांच्या मंजुरीआधीच लागू होणारा तात्पुरता कायदा) काढतं, जादूटोणाविरोधी कायदा ऑगस्ट २०१३ मध्ये आधी असाच आला आणि डिसेंबरात सभागृहांनी मंजूर केला. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत असं केलं नाही तर अध्यादेश आपोआप संपतो.

आता प्रत. फॉरवर्डवर विसंबू नका, शासनाच्या ई-राजपत्राच्या साइटवर असाधारण राजपत्रात ३ जुलै २०१७ ही तारीख टाकून शोधा. वरती 'अधिनियम' आणि संमतीचा उल्लेख दिसला की तीच खरी. 'विधानसभा विधेयक क्रमांक' असं दिसलं तर तो मसुदा, त्यातली कलमं नंतर बदललेली असू शकतात, तक्रारीला तो जोडू नका.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरातलं कोणीही करू शकतं, पोलिसांत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे.