डिफ्यूझर लावण्याआधी फ्लॅशची जागा बघ

तू तारकर्लीला पाण्याखाली काढलेले फोटो पाहिले. समुद्री गोगलगायीचा फोटो सुरेख जमलाय, फक्त तिच्या पाठीवर पांढरा चट्टा पडलाय आणि मागे काळी, कडक सावली. तिथे डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशवर बसवायचं प्रकाश पसरवणारं दुधी झाकण, हवाच होता.

पण एक गोष्ट नीट समजून घे. विषयाच्या मानाने प्रकाशाचा स्रोत मोठा असला तरच प्रकाश मऊ होतो. इंचभर गोगलगायीपासून वीतभर अंतरावर डिफ्यूझर लावलेला फ्लॅश म्हणजे तिच्यासाठी केवढी मोठी खिडकी! तोच फ्लॅश मीटरभर लांबच्या माशावर मारलास, तर सावल्या फारशा मऊ होणार नाहीत, झोत तेवढा रुंद होईल. वाइड अँगल लेन्सने रुंद दृश्य टिपताना डिफ्यूझर लावतात ते त्यासाठीच, कोपरे काळे पडू नयेत म्हणून.

मालवणकडच्या गढूळ पाण्यात मात्र हा रुंद झोतच नडतो. लेन्ससमोरचा कण न् कण उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके. ते डिफ्यूझरने जात नाहीत. फ्लॅश ज्यांवर बसवलेत ते हात बाजूला पसर, फ्लॅश पोर्टच्या, म्हणजे लेन्ससमोरच्या काचेच्या, थोडे मागे ठेव आणि किंचित बाहेर वळव. विषयावर झोताची नुसती कड पडू दे.

डिफ्यूझर साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश खातो, तेवढी फ्लॅशची ताकद वाढव. पाण्यात उतरल्यावर एकदा काढून परत बसव, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. आणि दोरीने बांधच. माझा पहिला सुटून गेला तो गेलाच. पैशांपेक्षा आपल्या हातून समुद्रात प्लास्टिक गेलं, याचं अजून वाईट वाटतं.