‘ताई ची’मधला ‘ची’ कोणता?

प्रश्न असा आला आहे: ताई ची हा संथ चिनी व्यायाम शिकवणाऱ्या एका आरोग्यवर्गाच्या पत्रकात ‘ताई म्हणजे महान, ची म्हणजे प्राणशक्ती, म्हणून ताई ची म्हणजे महान प्राणशक्ती’ असं छापलंय. हे बरोबर आहे का? आणि मराठीत लिहायचं कसं, ताई ची, ताय ची की ताइजी?

‘ताई’चा अर्थ ठीक आहे. ‘मोठा’च्याही पुढचा, ‘परम’च्या जवळ जाणारा हा शब्द. ‘ची’चा अर्थ मात्र साफ चुकलाय. ‘ताई ची’तला ‘ची’ आणि प्राणवाचक शब्द हे चिनीत दोन निराळे शब्द आहेत. चिन्हं वेगळी, सूर वेगळे (एकाचा चढता, दुसऱ्याचा उतरता) आणि व्यंजनही वेगळं. घोटाळा झाला रोमन लिपीत. एकोणिसाव्या शतकात थॉमस वेड आणि नंतर हर्बर्ट जाइल्स यांनी चिनी शब्द रोमनमध्ये लिहायची जी पद्धत बसवली, तिच्यात महाप्राण व्यंजनापुढे एक बारीकशी खूण देत. प्राणवाचक शब्दाला ती खूण होती, ‘ताई ची’तल्या ‘ची’ला नव्हती. इंग्रजी छपाईत खूण गळाली आणि दोन्ही शब्द सारखे दिसू लागले. आपण हा शब्द इंग्रजीतूनच उचलला, त्यामुळे चूकही सोबत आली.

वास्तविक हा फरक दाखवायला देवनागरी फार सोयीची. चिनीत त-द, च-ज असा अघोष-सघोष भेद नाही. त-थ, च-छ असा अल्पप्राण-महाप्राण भेद आहे. त्या हिशेबाने व्यायामाचं नाव ‘थायची’ आणि प्राण म्हणजे ‘छी’. हा ‘छी’ आपल्याला तसा अनोळखीही नाही. रेकीतला ‘की’ आणि आयकिडोतला ‘कि’ हा त्याचाच जपानी अवतार. मूळ अर्थ वाफ, हवा, श्वास. या व्यायामाच्या जुन्या सूत्रांत छीचा उल्लेख येतो, ती बेंबीखाली स्थिरावू द्यावी असं सांगितलेलं आहे. म्हणजे पत्रक लिहिणाऱ्याने संकल्पना भलतीकडून आणलेली नाही. ती नावात नाही, एवढंच.

मग नावातला ‘ची’ म्हणजे काय? त्याच्या चिन्हात ‘लाकूड’ हा घटक आहे, कारण मूळ अर्थ घराचं आढं. छपराचे दोन्ही उतार जिथे मिळतात ती सगळ्यात उंच आडवी तुळई. त्यावरून टोक, परिसीमा, ध्रुव. उत्तर ध्रुवाच्या चिनी नावात हाच शब्द आहे. विजेच्या घटातलं धनाग्र म्हणजे ‘यांग-ची’ आणि ऋणाग्र म्हणजे ‘यिन-ची’. यिन आणि यांग यांचे जुने अर्थही डोंगराची सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू असे. दोन उतार आणि त्यांना धरून ठेवणारं एक आढं, असं मनात आणलं की ‘थायची’ हा शब्द मला सगळ्यात चांगला उलगडतो.

तत्त्वज्ञानातली त्याची जागाही याच्याशी जुळते. ‘यिजिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या परिशिष्टात म्हटलंय की परिवर्तनात थायची आहे आणि त्यातून दोन रूपं निपजतात. सोंग राजवटीच्या काळातले तत्त्वज्ञ चौ तुन्यी (१०१७–१०७३) यांनी ते आणखी स्पष्ट केलं: थायची हलते तेव्हा यांग उपजतं, हालचाल टोकाला गेली की ती स्थिर होते, स्थिरतेतून यिन उपजतं, आणि स्थिरता टोकाला गेली की पुन्हा हालचाल. मराठी लेखांत थायचीला सरसकट ‘ब्रह्म’ म्हणतात, ते मला पटत नाही. अद्वैतातलं ब्रह्म बदलापलीकडचं आहे. थायची बदलातच सापडते. ‘परमसीमा’ म्हणावं, किंवा सरळ मूळ शब्द ठेवावा.

हे सगळं अंगात कसं उतरतं, ते ‘मेघहस्त’ या हालचालीत नीट दिसतं. दोन्ही हात छातीपुढून आळीपाळीने वर्तुळं काढतात, पण खरं काम पायांत चाललेलं असतं. वजन हळूहळू डाव्या पायावर जातं. तो पूर्ण भरला की उजवा रिता होतो, आणि रिता झाला म्हणूनच उचलता येतो. चिनी गुरूही ‘भरलेला’ आणि ‘रिता’ हेच शब्द वापरतात. दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून अडकणं हा जुन्या सूत्रांत मोठा दोष मानलाय.

आता एक गळालेला शब्द. पूर्ण नाव ‘थायची-छ्वेन’. छ्वेन म्हणजे मूठ, आणि त्यावरून निःशस्त्र लढण्याची विद्या. आपण मूठ टाकून दिली आणि मागे नुसती तत्त्वज्ञानातली संज्ञा उरली. चांग सानफंग नावाच्या ताओपंथी साधूने वूतांग पर्वतावर ही विद्या शोधली ही आख्यायिकाच आहे. इतिहासाचा माग लागतो तो हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावी, सतराव्या शतकातल्या चेन वांगथिंग या लढवय्यापाशी. तिथे शिकलेल्या यांग लूछान (१७९९–१८७२) यांनी ती बीजिंगला नेली. थायचीचं तत्त्वज्ञान आणि ही मूठ यांची सांगड ज्या सूत्रांत पक्की दिसते, ती एकोणिसाव्या शतकात वू युशियांग आणि त्यांचा भाचा ली यीयू यांच्या घराण्यातून पुढे आली. विद्या आणि विचार एकाच दिवशी जन्मले नाहीत, हे पत्रकांत कुणी लिहीत नाही आणि लिहायला हवं.

लेखनाचं म्हणाल तर वर्गाच्या पाटीवर ‘ताई ची’ राहू द्या, ते रुळलंय. मात्र दोन शब्द तोडूनच लिहा. जोडलं की ‘ताईची ओढणी’तली ताई वाचली जाते. लेखात मी ‘ताइजी’ लिहीन, कारण ‘बीजिंग’, ‘जिनपिंग’ लिहिताना आपण त्याच चिनी व्यंजनाला ‘ज’ म्हणतो. उच्चाराचीच चर्चा असेल तिथे ‘थायची’.

बोलताना चिनी माणसंही छ्वेन गाळतात. ‘थायची खेळणं’ असा त्यांचा वाक्प्रचारच आहे: एखादा अधिकारी प्रश्नाला थेट उत्तर न देता तो हळुवारपणे दुसऱ्याकडे वळवतो, तेव्हा तो वापरतात.