रिमोट टेस्टर बनवताय? आधी रिमोट कुठला ते बघा

टीव्हीचा रिमोट बहुधा इन्फ्रारेडवर चालतो, तर गेटचा किंवा गाडीचा रेडिओ लहरींवर, बऱ्याचदा ४३३ मेगाहर्ट्झवर. दोन्हींना एकच टेस्टर, म्हणजे रिमोट सिग्नल सोडतोय की नाही हे दाखवणारं सर्किट, चालत नाही. सुरुवात इन्फ्रारेडपासूनच करा, सर्किट अगदी छोटं आहे.

टीएसओपी १७३८ हा तीन पायांचा रिसीव्हर घ्या. तो ३८ किलोहर्ट्झचा सिग्नल ओळखतो आणि बरेचसे रिमोट याच्याच आसपास असतात. त्याला ५ व्होल्ट द्या. आता नीट लक्ष द्या, नवीन माणूस हमखास इथेच अडतो: सिग्नल नसताना याचा आउटपुट हाय (५ व्होल्टच्या जवळ) असतो, सिग्नल आला की लो (शून्याच्या जवळ) होतो. म्हणून एलईडी आउटपुट आणि ग्राउंडमध्ये लावू नका. प्लस ५ व्होल्टपासून १ किलोओहमचा रेझिस्टर, पुढे एलईडी, आणि एलईडीचा कॅथोड (ऋण टोक, आखूड पाय) आउटपुटला. बटण दाबलं की लुकलुकेल.

रिसीव्हरच्या पायांचा क्रम मात्र डेटाशीटमध्येच (कंपनीच्या माहितीपत्रकात) पाहा. टीएसओपी ३८२३८ दिसायला तसाच, पण त्याचे पाय वेगळ्या क्रमाने आहेत. उलटा सप्लाय गेला तर रिसीव्हर जळू शकतो.

बटण न दाबताही एलईडी चमकत असेल तर खोलीतला दिवा बंद करून बघा, आणि रिसीव्हरजवळच त्याच्या सप्लाय आणि ग्राउंडच्या पायांमध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा.